घर विकण्यापूर्वी दलाल पारखून घ्या

रत्नागिरीच्या बागायतदाराला दलाल म्हणजे काय हे शिकवावे लागत नाही. आंब्याची पेटी मुंबईच्या बाजारात पाठवायची, तेथे रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरायचा आणि काही दिवसांनी हिशेबाची पट्टी हातात यायची, हे आमच्या कित्येक पिढ्यांनी पाहिले आहे. पट्टीत पेट्या किती, भाव काय, हमाली किती, भाडे किती, अडत किती, हे सारे लिहिलेले असते. पट्टीला उशीर झाला तर बागायतदार फोन करतो. हिशेबात खोट दिसली तर पुढच्या मोसमात अडत्या बदलतो.

मात्र हाच माणूस वाडवडिलांचे घर विकायला काढतो, तेव्हा पट्टी मागायचे विसरतो. आंब्याचा हंगाम दरवर्षी येतो, एका वर्षी फसलो तर दुसऱ्या वर्षी सावरता येते. घर मात्र बहुतेकांच्या हयातीत एकदाच विकले जाते. तेथे झालेली चूक भरून निघत नाही. म्हणून या आठवड्यात आम्ही आमच्या व्यापारी आणि कारागीर बांधवांपुढे हा विषय मांडत आहोत: घर विकताना दलाल कसा निवडावा आणि त्याच्याशी व्यवहार कसा बांधावा?

रत्नागिरीत हा प्रश्न आज घरोघरी आहे. मुले मुंबईत, मुंब्र्यात किंवा आखातात स्थायिक झाली. मिरकरवाडा, राजिवड्याकडील जुनी कौलारू घरे दर पावसाळ्याला खर्च मागतात. कोणाला कुवारबाव, नाचणे, शिरगावच्या बाजूला फ्लॅट घ्यायचा असतो, कोणाला दुकानात भांडवल घालायचे असते, तर कोणाला मुलीचे लग्न उरकायचे असते. कारण कोणतेही असो, घर विकणारा माणूस घाईत असतो आणि घेणारा निवांत असतो. या दोघांच्या मध्ये दलाल उभा असतो.

चाचांचे अठरा लाख

आमच्या परिचयाचे एक बुजुर्ग कारागीर आहेत. उभे आयुष्य सुतारकामात गेले. मोहल्ल्यातील चिरेबंदी घर विकून तळमजल्यावर लहानसा फ्लॅट घ्यावा आणि उरलेल्या पैशांतून धाकट्या मुलाला फर्निचरचे दुकान घालून द्यावे, असा त्यांचा बेत होता. दलाल अनोळखी नव्हता. रोजच्या उठण्याबसण्यातला, गोड बोलणारा, अडल्यानडल्याच्या कामाला धावणारा. तो म्हणाला, "चाचा, तुम्हाला हातात किती पाहिजेत तेवढे सांगा. बाकीची कटकट माझी."

चाचांनी मनाशी हिशेब करून १८ लाख सांगितले. दलालाने दुसऱ्याच दिवशी एक लाखाचा विसार आणून दिला आणि विसारपावतीवर सही घेतली. पावतीत घेणाऱ्याचे नाव त्या दलालाचेच होते. 'ही नुसती पद्धत आहे, गिऱ्हाईक आले की त्याचे नाव घालू,' असे त्याने सांगितले. दोन महिन्यांत गिऱ्हाईक आले, खरेदीखत झाले, चाचांना १८ लाख मिळाले. सारे समाधानी.

पुढे नव्या मालकाने घराची डागडुजी करायला सुताराला बोलावले, तो नेमका चाचांचाच जुना शागीर्द निघाला. त्याच्याकडून कळले की घेणाऱ्याच्या खिशातून २३ लाख गेले होते. शिवाय त्याच्याकडून दलालीही वेगळी घेतली होती. चाचांनी दलालाला विचारले, तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "चाचा, तुम्ही मागितले तेवढे दिले की नाही?"

यावर चाचांकडे उत्तर नव्हते. फ्लॅट घेतला, पण दुकान राहून गेले. धाकटा मुलगा आज दुसऱ्याच्या कारखान्यात रोजावर काम करतो.

'हातात किती?' हा प्रश्नच चुकीचा

'हातात किती पाहिजेत?' हे वाक्य आपल्या बाजारात इतके रुळले आहे की त्यातली खोच कोणाच्या ध्यानात येत नाही. ज्या क्षणी आपण हातातली रक्कम सांगतो, त्या क्षणी दलाल आपला माणूस राहत नाही. आपल्याला जास्त मिळवून देण्यात त्याचा काही फायदा उरत नाही. उलट आपण जितके कमी सांगू तितके त्याचे जास्त. मग तो आपल्याला भाव पडल्याच्या गोष्टी सांगतो, घराच्या भिंतीतली ओल दाखवतो, वाट अरुंद असल्याचे बोलतो. आणि गिऱ्हाइकाला तीच वाट मशिदीपासून किती जवळ आहे हे सांगतो.

याउलट दलाली टक्क्याने ठरली असेल तर त्याचा आणि आपला फायदा एका दिशेला चालतो. आपल्याला जास्त मिळाले तर त्यालाही जास्त मिळते. म्हणून आमचा पहिला सल्ला असा: हातातली रक्कम कधीही सांगू नका. मागणीची किंमत सांगा आणि दलाली टक्क्याने ठरवा. रिवाजाने ती साधारण एक ते दोन टक्के असते. चाचांच्या घरावर दोन टक्के दिले असते तरी ते ४६ हजार झाले असते. प्रत्यक्षात त्यांना पाच लाख मोजावे लागले.

दलालाच्या मजुरीची चर्चा आमच्या जुन्या फिकहच्या ग्रंथांतही आहे. अमुक किमतीच्या वरचे तुझे, असा करार काही बुजुर्गांनी कापडासारख्या मालात चालवून घेतला, तर इतरांनी मजुरी आधी ठरलेली आणि दोघांना माहीत असलेलीच हवी असे म्हटले. कापडाचा भाव बाजारात सर्वांना ठाऊक असतो. घराचा भाव विकणाऱ्यालाच ठाऊक नसतो. म्हणून घराच्या बाबतीत ठरलेली मजुरी हाच सुरक्षित मार्ग आहे.

देशाचा कायदाही याबाबत गप्प नाही. भारतीय करार अधिनियम, १८७२ मध्ये एजंटावर स्वतंत्र प्रकरण आहे. मालकाने मागताच एजंटाने हिशेब दिला पाहिजे, असे कलम २१३ सांगते. एजंटाने मालकाला न कळवता त्याच कामात स्वतःसाठी व्यवहार केला, तर त्याला झालेला फायदा मालक मागू शकतो, हे कलम २१६ मध्ये आहे. वेगळा करार नसेल तर काम पूर्ण झाल्याशिवाय मोबदला देय होत नाही, हे कलम २१९ मध्ये. आणि कामात गैरवर्तन केले तर त्या भागाचा मोबदलाच मिळत नाही, हे कलम २२० मध्ये आहे. म्हणजे कायदा चाचांच्या बाजूने होता. पण तो माणूस चाचांचा एजंट होता, हे दाखविणारी चिठ्ठीसुद्धा त्यांच्याजवळ नव्हती. विसारपावतीप्रमाणे तो घर घेणारा होता.

दलालाआधी घराची ओळख

ज्याला स्वतःच्या मालाचा भाव ठाऊक नाही, त्याला कोणताही दलाल फसवू शकतो. म्हणून दलाल शोधण्यापूर्वी दोन कामे स्वतः करावीत.

पहिले काम भावाचे. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात नोंदलेल्या व्यवहारांची सूची क्रमांक दोन, म्हणजे बोलीभाषेतील 'इंडेक्स टू', कोणालाही पाहता येते आणि तिची नक्कल मिळते. आपल्या आळीत, आपल्या वाडीत गेल्या दोन-तीन वर्षांत कोणती घरे किती क्षेत्राची आणि किती किमतीला गेली, हे तिच्यावरून कळते. शासनाचे वार्षिक मूल्यदर तक्तेही पाहावेत. हा दर मुद्रांक शुल्कासाठी असतो. त्याला बाजारभाव समजू नये, पण आपल्या अंदाजाला तो खालचा आधार देतो. कागदावर किंमत या सरकारी मूल्याहून दहा टक्क्यांपेक्षा जास्त कमी दाखविली, तर विकणाऱ्याच्या आयकरासाठी सरकारी मूल्यच धरले जाते, हेही लक्षात ठेवावे. 'कागदावर कमी दाखवू' असे सांगणारा दलाल आपला कर वाचवतो असे नाही.

अफवेवर भाव ठरवू नये. आपल्याच जिल्ह्यात राजापूर तालुक्यातील नाणारचा तेलशुद्धीकरण प्रकल्प २०१७ मध्ये अधिसूचित झाला आणि २०१९ मध्ये ती अधिसूचना रद्द झाली. त्या काळात बाहेरच्या लोकांनी तेथे जमिनी घेतल्याच्या बातम्या वर्तमानपत्रांतून गाजल्या. मोठ्या प्रकल्पाची, रस्त्याची, बंदराची बातमी गावकऱ्याच्या आधी दलालाच्या कानावर पोचू शकते. अचानक एकामागून एक दलाल दारात येऊ लागले, तर घाईने विकण्यापेक्षा चार दिवस थांबून कारण शोधावे.

दुसरे काम कागदांचे. नगर भूमापनाच्या हद्दीत मिळकत पत्रिका, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड, गावात सातबारा, फेरफार आणि ग्रामपंचायतीचा घराचा नमुना ८, नगरपरिषदेची घरपट्टी भरल्याची पावती, मूळ खरेदीखत किंवा वाटणीपत्र, बांधकामाची परवानगी, हे सारे एका फायलीत लावावे. घरपट्टीवर किंवा फेरफारात नाव आहे म्हणजे मालकी सिद्ध झाली असे होत नाही. कोकणात तर एकेका सातबाऱ्यावर दहा-वीस हिस्सेदारांची नावे असतात आणि त्यांतील निम्मे मुंबईत असतात. जमीन कुळकायद्याने मिळालेली असेल तर तिच्या विक्रीला वेगळ्या अटी लागू होतात. जमीन वक्फची असेल तर ती विकताच येत नाही. या फायलीवरून चांगल्या वकिलाची नजर आधीच फिरवून घ्यावी. वकील दलालाने सुचविलेला नसावा.

बहिणीची सही

आमच्या समाजात घराचे सर्वात जास्त व्यवहार कोठे अडतात, तर ते बहिणीच्या हिश्श्यावर. वडील वारले की शरियतप्रमाणे प्रत्येक वारसाचा हिस्सा त्याच क्षणी ठरतो. तो कागदावर चढला नाही म्हणून नाहीसा होत नाही.

साधे उदाहरण घेऊ. मरहूम वडिलांच्या मागे पत्नी, एक मुलगा आणि दोन मुली आहेत. आजी-आजोबा हयात नाहीत, कर्ज किंवा वसियत नाही. घर ३२ लाखांना विकले. पत्नीचा आठवा हिस्सा, म्हणजे ४ लाख. उरलेल्या २८ लाखांत मुलाचे दोन भाग आणि प्रत्येक मुलीचा एक भाग. म्हणजे मुलाचे १४ लाख आणि प्रत्येक मुलीचे ७ लाख. भावाने एकट्याने सही केली, तर त्याने विकला तो फक्त स्वतःचा १४ लाखांचा हिस्सा. बाकी घर विकले गेलेलेच नाही.

येथे दलालाची खरी पारख होते. 'बहिणी लग्न होऊन गेल्या, त्यांची सही कशाला, नाव तर तुमचेच आहे,' असे जो म्हणतो, त्याला दारातूनच परत पाठवावे. त्याला दलाली घेऊन मोकळे व्हायचे आहे. पुढचा दिवाणी दावा आपल्याला आणि घेणाऱ्याला लढायचा आहे. बहिणीने आपला हिस्सा खुशीने सोडला असेल, तर त्याचे हक्कसोडपत्र रीतसर नोंदवावे. नसेल, तर खरेदीखतावर तिची सही आणि तिच्या खात्यात तिचे पैसे. वारसांत कोणी अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालील असेल, तर मुस्लिम कायद्याप्रमाणे आई त्याच्या मिळकतीची कायदेशीर पालक ठरत नाही. त्याचा हिस्सा विकण्यापूर्वी जिल्हा न्यायालयातून पालक म्हणून नेमणूक आणि विक्रीची परवानगी घ्यावी लागते.

दलाल कसा पारखावा

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. ओळखीचा माणूस आणि पारखलेला माणूस, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सोनार ओळखीच्या माणसाचेही सोने कसोटीवर घासून घेतो आणि कोणी त्याचा राग मानत नाही. दलालाला पुढील प्रश्न विचारण्यात संकोच करू नये.

गेल्या वर्षा-दोन वर्षांत रत्नागिरीत तुम्ही कोणती तीन घरे विकून दिली? त्या विकणाऱ्यांशी आम्ही बोलू शकतो का? येथे विकणाऱ्यांशी बोलायचे, घेणाऱ्यांशी नव्हे. घेणारा स्वस्तात मिळाले म्हणून खूश असतो. विकणाऱ्याला एवढेच विचारावे: घेणाऱ्याने एकूण किती दिले आणि तुमच्याकडे किती आले?

तुमची दलाली कोण देणार? दोन्ही बाजूंनी घेण्याचा रिवाज आहे आणि तो उघड असेल तर त्यात गैर काही नाही. पण लपवून घेतलेला पैसा हा दुसऱ्याच्या बाजूने बोलण्याचा मोबदला असतो. म्हणून समोरच्याकडून काय घेणार, हे त्याने आधी सांगितले पाहिजे.

गिऱ्हाईक आमच्यासमोर आणाल का? जो दलाल घेणाऱ्याला आणि विकणाऱ्याला खरेदीखताच्या दिवसापर्यंत भेटू देत नाही, त्याच्याकडे झाकण्यासारखे काहीतरी आहे. मिरकरवाड्याच्या बंदरावर मासळीचा लिलाव उघड्यावर होतो. बोली कोणी किती लावली हे नाखव्यालाही ऐकू येते. घराची बोलीही अशीच कानावर पडली पाहिजे. रुमालाखालचा भाव घराच्या व्यवहारात नको.

तुम्ही स्वतः, तुमचे नातेवाईक किंवा भागीदार हे घर घेणार आहात का? घेणार असतील तर हरकत नाही, पण मग तो दलाल उरत नाही, गिऱ्हाईक होतो. त्याच्याशी गिऱ्हाइकासारखे बोलावे आणि दलाली देऊ नये.

किमतीबद्दल तो काय बोलतो, हेही ऐकावे. चार दलालांना विचारले की एक जण सर्वांहून मोठा आकडा सांगतो. आपण खूश होऊन काम त्याला देतो. मग दोन महिने कोणी फिरकत नाही आणि तोच येऊन भाव उतरवायला सांगतो. आकडा कशावरून काढला, हे जो शेजारच्या व्यवहारांचे दाखले देऊन सांगतो, त्याचा शब्द जास्त मोलाचा.

पाच-सहा दलालांना एकाच वेळी काम देऊ नये. एकच घर सहा जणांकडून सहा भावांनी फिरू लागले की घेणाऱ्याला वाटते, घरात काही खोट आहे. शिवाय शेवटी 'गिऱ्हाईक मी आणले' म्हणून दोघे दलाली मागतात. एकालाच काम द्यावे, पण मुदत घालून, तीन महिन्यांची.

नोंदणी क्रमांक: किती विश्वासाचा?

स्थावर संपदा अधिनियम, ज्याला आपण रेरा म्हणतो, तो २०१६ चा. महाराष्ट्रात महारेराचे काम १ मे २०१७ पासून सुरू झाले. या कायद्याने एजंटांना नोंदणी सक्तीची केली. पुढे महारेराने एजंटांसाठी प्रशिक्षण आणि परीक्षेचे प्रमाणपत्रही आवश्यक केले, आणि ते न घेतलेल्या सुमारे २० हजार एजंटांची नोंदणी २०२४ मध्ये स्थगित केली. तेव्हा दुकानाच्या पाटीवर क्रमांक आहे एवढ्यावर थांबू नये. तो आजही चालू आहे का, हे महारेराच्या संकेतस्थळावर पाहता येते. घरातील शिकलेल्या मुलाला पाच मिनिटांचे काम आहे.

मात्र एक गोष्ट आमच्या वाचकांना स्पष्ट सांगितली पाहिजे. कायद्यातील ही सक्ती बिल्डरच्या नोंदलेल्या प्रकल्पांतील विक्रीसाठी आहे. आपले जुने घर आपण स्वतः विकतो, त्या व्यवहारातल्या दलालाला ती सक्ती लागू होत नाही. म्हणून नोंदणी नसलेला प्रत्येक दलाल लबाड नव्हे, आणि नोंदणी असलेल्या दलालाने आपल्या जुन्या घराच्या व्यवहारात गडबड केली तर महारेरा धावून येईल अशीही खात्री धरू नये. नोंदणीवरून एवढेच कळते की या माणसाने आपले नाव आणि पत्ता सरकारदरबारी दिला आहे आणि तो परीक्षा देऊन आला आहे. बाकीची काळजी आपल्या कागदाने घ्यायची आहे. सेवेत कसूर झाली तर जिल्हा ग्राहक आयोगाचे दार आहे, पण तेथेही पहिला प्रश्न हाच येतो की लेखी काय आहे?

कागदावर काय हवे

देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवावा आणि साक्षीदार करावेत, ही ताकीद आमच्यासाठी नवी नाही. सूरह बकरामध्ये ती सविस्तर आली आहे. तरीही मोहल्ल्यातल्या माणसाकडून लिहून घ्यायला आम्हाला लाज वाटते. व्यवहार लिहिणे हा अविश्वास नाही. त्याने उद्याचे भांडण टळते आणि सलामअलेक टिकते.

दलालाला एका पानाचे पत्र द्यावे आणि त्याची सही घ्यावी. त्यात पुढील गोष्टी असाव्यात. घराचा पूर्ण तपशील. मागणीची किंमत. दलाली किती टक्के आणि ती कधी द्यायची, म्हणजे खरेदीखत नोंदून पूर्ण पैसे मिळाल्यावर. विकले नाही तर काही देणे नाही. कामाची मुदत. आलेली प्रत्येक बोली, नाव आणि रकमेसह, आम्हाला कळविण्याची जबाबदारी. समोरच्या बाजूने घेतलेला मोबदला उघड करण्याची कबुली. ठरलेल्या टक्क्यांखेरीज या व्यवहारातून दुसरा कोणताही पैसा घेणार नाही, हे वाक्य. आणि आमच्या वतीने विसार घेण्याचा किंवा कोठेही सही करण्याचा त्याला अधिकार नाही, हे वाक्य.

हीच आपल्या घराची पट्टी. जो दलाल ही सही आनंदाने करतो, त्याला काम द्यावे. जो म्हणतो 'आपल्यात कागद कशाला', त्याला सलाम करून निघावे.

मूळ कागद दलालाच्या हाती देऊ नयेत. झेरॉक्स द्याव्यात आणि त्यांवर 'फक्त दाखविण्यासाठी' असे लिहून तारीख घालावी. किल्ली द्यायची वेळ आलीच तर घरातल्या माणसाने बरोबर जावे.

आखातातील मुलाचे मुखत्यारपत्र

घर मुलाच्या नावावर आहे आणि मुलगा कुवेत, दुबई किंवा सौदीत आहे, अशी स्थिती आमच्याकडे नेहमीची. अशा वेळी दलाल सुचवतो, 'माझ्याच नावे मुखत्यारपत्र पाठवा, सुटी काढून यायची गरज नाही.' हे कदापि करू नये. विक्रीचे कुलमुखत्यारपत्र ज्याच्या हाती, घर त्याच्या हाती. मुखत्यार नेमायचाच तर आई, वडील, भाऊ, बहीण, पत्नी यांपैकी नेमावा. जवळच्या नातेवाइकाला विनामोबदला दिलेल्या अशा पत्राला मुद्रांक नाममात्र लागतो. परक्याला दिले तर खरेदीखताइतका लागतो. कायद्यानेही येथे घरच्या आणि परक्या माणसात फरक केला आहे.

हे पत्र तेथील भारतीय दूतावासात साक्षांकित करावे आणि येथे पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक भरावा. पत्र फक्त या एका घरापुरते असावे, त्यात किमान किंमत लिहावी आणि पैसे मुलाच्याच खात्यात जमा होतील असे नमूद करावे. मुखत्यारपत्रावरच घर 'विकून टाकण्याची' जुनी चाल सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या सूरज लॅम्प निकालात अमान्य केली आहे. मालकी बदलते ती नोंदलेल्या खरेदीखतानेच.

विकणारा अनिवासी असेल तर घेणाऱ्याने आयकर कापून भरायचा असतो आणि त्याचे प्रमाण मोठे असते. प्रत्यक्ष कर कमी बसत असेल तर कमी कपातीचा दाखला आयकर खात्याकडून आधी मिळवता येतो. हे काम विक्रीच्या आधीचे आहे. दलालाला ते बहुधा सुचत नाही, म्हणून चार्टर्ड अकाउंटंटला आधीच गाठावे.

पैसा कसा घ्यावा

विसार असो की पूर्ण रक्कम, स्थावर मिळकतीच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेण्याला २०१५ पासून आयकर कायद्याने मनाई आहे. दंड घेणाऱ्याला, म्हणजे घर विकणाऱ्याला होतो, आणि तो घेतलेल्या रकमेएवढा असू शकतो. 'थोडे वरून रोख' असे दलाल सुचवतो, तेव्हा धोका आपल्या माथी असतो. चाचांचे पाच लाख गुपचूप गेले, तेही रोखीच्या आडूनच.

किंमत ५० लाख किंवा अधिक असेल तर घेणारा एक टक्का आयकर कापतो. वारस अनेक असले तरी २०२४ पासून एकूण किंमत धरली जाते. कापलेल्या कराचा दाखला मागून घ्यावा.

सर्वात महत्त्वाचे, खरेदीखत नोंदले की मालकी गेली. पुढच्या तारखेचा चेक नंतर वटला नाही, तर घर परत येत नाही. वसुलीचा दावा करावा लागतो. म्हणून पैसे खात्यात जमा झाल्याची खात्री करून किंवा बँकेचा डिमांड ड्राफ्ट हाती घेऊनच दुय्यम निबंधकासमोर सही करावी. विसारपावतीत घेणाऱ्याचे खरे नाव, पूर्ण किंमत आणि मुदत लिहिलेली असावी. रिकामी जागा सोडू नये. घराची किल्ली आणि दलाली, दोन्ही पूर्ण पैसे आल्यानंतर.

रत्नागिरीत प्रामाणिक दलाल नाहीत असे आम्ही मुळीच म्हणत नाही. हिस्सेदारांना मुंबईहून बोलावून एकत्र बसविणारे, तलाठ्याकडे दहा खेपा घालणारे, घेणाऱ्याची ऐपत आधी तपासून मगच त्याला दारात आणणारे दलाल आमच्या पाहण्यात आहेत. अशा माणसाची दोन टक्के दलाली ही हक्काची, हलाल कमाई आहे आणि ती घासाघीस न करता, वेळेवर दिली पाहिजे. त्याला चांगला मोबदला देणे हा लबाडाला बाजारातून हटविण्याचाही मार्ग आहे.

आमचे चाचा अजूनही संध्याकाळी बाकावर बसलेले दिसतात. आता मोहल्ल्यात कोणी घर विकायला काढले की ते स्वतःहून त्याच्याकडे जातात आणि एवढेच सांगतात, "हातात किती ते बोलू नकोस. आधी त्याची सही घे."